मर्टल्सचा झपाटलेला वाडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्सला निघालेली मराठी मंडळी वाटेत ‘तो भुताचा बंगला’ करावा का, असं मला नेमाने विचारतात. एकदा जाऊन आलो आणि नंतर बरंच वाचत बसलो, एवढाच माझा अधिकार. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतो. घाईत असाल तर ६, ७ आणि १४ एवढे तीन प्रश्न तरी वाचा.

१. मर्टल्स म्हणजे नक्की काय आणि ते आहे कुठे?

अमेरिकेच्या दक्षिणेत, लुइझियाना राज्यातल्या सेंट फ्रान्सिसव्हिल या लहानशा गावाशेजारी असलेला एक जुना वाडा. राज्याची राजधानी बॅटन रूज. तिथून उत्तरेला साधारण पन्नास किलोमीटर, मिसिसिपी नदीच्या पूर्वेला. बांधकाम १७९६ चं. खोल्या बावीस. पुढची ओसरी तब्बल १२५ फूट लांब, आणि तिच्या लोखंडी जाळीत द्राक्षांचे घोस ओतलेले. १९७८ मध्ये वाड्याची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. आता तिथे राहण्याची सोय आहे, दिवसा इतिहासाची फेरी असते आणि संध्याकाळी भुतांची.

२. प्लँटेशन म्हणजे आपला मळाच ना?

शब्दापुरता. आपल्या डोळ्यासमोर विहीर, मोट, भाजीचा वाफा येतो. तिकडचं प्लँटेशन म्हणजे शेकडो एकरांवर एकच नगदी पीक, इथे मुख्यतः कापूस आणि त्याआधी नीळ. ते पिकवायला आफ्रिकेतून आणलेली आणि पुढे गुलामगिरीतच जन्मलेली माणसं. वाडा हा त्या कारखान्याचा दर्शनी भाग. सहलीत आपल्याला दिसतो तो एवढाच भाग, कारण गुलामांच्या लाकडी खोपट्या बहुतेक ठिकाणी केव्हाच गेल्या. १७९३ मध्ये सरकी काढण्याचं यंत्र आलं आणि या पट्ट्यात कापसाला सोन्याचा भाव आला. मर्टल्स उभं राहिलं ते त्यानंतर तीनच वर्षांनी.

३. वाडा बांधणारा दारूचा व्यापारी होता म्हणतात. खरं आहे का?

नाही, वकील होता. डेव्हिड ब्रॅडफर्ड, पेन्सिल्व्हेनियाचा. त्याला ‘व्हिस्की डेव्ह’ म्हणत, त्यावरून हा घोटाळा होतो. १७९१ मध्ये नव्या अमेरिकन सरकारने दारूवर कर बसवला. डोंगरापलीकडच्या शेतकऱ्यांना धान्य वाहून नेणं परवडत नसे, म्हणून ते राय धान्याची व्हिस्की गाळून विकत. थोड्या घोड्यांवर जास्त किंमत लादता येई. कर बसला तो थेट त्यांच्या पोटावर. १७९४ मध्ये उठाव झाला, ब्रॅडफर्ड त्याच्या पुढाऱ्यांपैकी एक. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी जवळजवळ तेरा हजारांचं सैन्य जमवलं तेव्हा ब्रॅडफर्ड नदीमार्गे दक्षिणेला पळाला.

सेंट फ्रान्सिसव्हिल तेव्हा अमेरिकेत नव्हतंच, स्पेनच्या ताब्यात होतं. तिथे साधारण ६५० एकर जमीन मिळवून त्याने घर बांधलं आणि नाव ठेवलं लॉरेल ग्रोव्ह. १७९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी त्याला माफी दिली. १८०८ मध्ये तो वारला. करबुडव्यांचा पुढारी, परक्या मुलखात फरार, आणि तरी त्याचं भूत म्हणून कुणी सांगत नाही. मला हा त्याच्यावर अन्यायच वाटतो.

४. मग ‘मर्टल्स’ हे नाव कुठून आलं?

झाडांवरून. १८३४ मध्ये रफिन ग्रे स्टर्लिंग याने वाडा घेतला, वाढवून जवळजवळ दुप्पट केला, छताला प्लास्टरची नक्षी केली आणि आवारातल्या क्रेप मर्टल झाडांवरून नवं नाव दिलं. हे झाड मराठी माणसाला अगदीच परकं नाही. आपलं राज्यफूल तामण आणि हे क्रेप मर्टल एकाच प्रजातीतली, लॅजरस्ट्रोमिया. तशाच चुरगळलेल्या कागदासारख्या पाकळ्या, फक्त झाड आणि फूल दोन्ही लहान.

५. क्लोईची गोष्ट काय आहे, एकदा नीट सांगा.

फेरीत सांगतात ती अशी. ब्रॅडफर्डचा जावई क्लार्क वुड्रफ याच्या घरात क्लोई नावाची गुलाम मुलगी होती. मालकाने तिला शेतातून घरकामाला आणलं आणि आपल्या शय्येवरही. पुढे त्याचं मन उडालं. पुन्हा शेतावर धाडतील या भीतीने ती दाराआड बोलणी ऐकू लागली, पकडली गेली, आणि मालकाने तिचा एक कान कापला. तेव्हापासून ती डोक्याला हिरवा फेटा बांधी. मुलांच्या वाढदिवसाच्या केकमध्ये तिने कण्हेरीची पानं उकळून तो रस घातला. बेत असा, की मुलं आजारी पडतील, मग आपण शुश्रूषा करू आणि घरातली जागा टिकेल. मात्रा जास्त झाली. मालकीण सारा आणि दोन मुली दगावल्या. बाकीच्या गुलामांनीच घाबरून क्लोईला फासावर लटकवलं आणि प्रेत मिसिसिपीत सोडलं. आता ती रात्री मच्छरदाणी बाजूला करून झोपलेल्यांच्या तोंडाकडे बघते.

सांगणारा तयारीचा असेल तर मच्छरदाणीच्या वाक्याला तो हातातला दिवा खाली करतो. आमच्या वेळी केला होता.

६. क्लोई खरंच होऊन गेली का?

वुड्रफच्या मालमत्तेच्या कागदांमध्ये क्लोई किंवा क्लिओ नावाची गुलाम बाई शोधणाऱ्यांना सापडलेली नाही. पण मी नुसत्या त्यावर विसंबणार नाही; का, ते प्रश्न १४ मध्ये आहे. गोष्ट पडते ती दुसऱ्याच कारणाने. जिचा खून झाला म्हणतात तिचा खूनच झालेला नाही. मेलेली माणसं, मरणाच्या तारखा, मुलांचं लिंगसुद्धा गोष्टीशी जुळत नाही. तपशील पुढच्याच प्रश्नात.

७. मग सारा आणि मुलं कशाने गेली?

पीतज्वराने, म्हणजे यलो फिव्हरने. सारा मथिल्डा ब्रॅडफर्डचं क्लार्क वुड्रफशी लग्न झालं १८१७ मध्ये. ती वारली जुलै १८२३ मध्ये. मुलगा जेम्स जुलै १८२४ मध्ये, म्हणजे आईनंतर वर्षाने. मुलगी कॉर्नेलिया गेल त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. तिसरं मूल, मेरी ऑक्टेव्हिया, वाचली आणि मोठी झाली. गोष्टीत तिघं एकाच केकने मरतात आणि मेलेल्या दोन्ही मुली असतात. इथे चौदा महिन्यांचं अंतर आहे आणि एक मुलगा आहे.

महिने बघा: जुलै, जुलै, सप्टेंबर. पीतज्वराचा हंगाम तोच. मिसिसिपीच्या काठाने दर उन्हाळ्यात ही साथ वर सरके. १८५३ मध्ये एकट्या न्यू ऑर्लिन्समध्ये सुमारे आठ हजार माणसं गेली. रोग डासांमुळे होतो असं क्युबातल्या कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये मांडलं आणि १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या पथकाने हवानात ते सिद्ध केलं. १८२४ मध्ये मात्र घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं की मुलं का पिवळी पडली आणि काळं का ओकली. अशा मरणाला कुणीतरी करणारं लागतंच, आणि घरात विषाचा आळ घ्यायला सगळ्यात सोयीचं माणूस म्हणजे स्वयंपाकघरातली गुलाम बाई.

८. पण कण्हेर विषारी असतेच की! केक खाऊन माणूस मरू शकत नाही का?

विषारी असतेच, शंकाच नाको. तिच्यातली द्रव्यं हृदयाचा ठोका बिघडवतात. उलट्या, मळमळ, मग नाडी अडखळते. वैद्यकीयदृष्ट्या गोष्ट अशक्य नाही. पण कण्हेर जहर कडू. आपल्याकडे ती महामार्गाच्या दुभाजकावर लावतात त्यामागे हेही एक कारण आहे, की गुरं तिला तोंड लावत नाहीत. जे गाय थुंकून टाकते ते लहान मूल केकमधून मुकाट खाईल का, एवढाच विचार करा. तारखांचा घोळ वर सांगितलाच आहे.

९. कान कापण्याची शिक्षा तरी खरी होती ना?

खरी होती, पण या घरातली नाही. फ्रेंचांनी लुइझियानासाठी १७२४ मध्ये ‘कोड नॉयर’ म्हणजे काळा कायदा लावला. महिनाभर पळून राहिलेल्या गुलामाचे कान कापावेत आणि खांद्यावर डाग द्यावा, असं त्यात लिहिलं आहे. शिक्षा पळून जाण्याची, चोरून ऐकण्याची नव्हे.

इथे भूगोलाची एक गंमत आहे. नदीच्या पूर्वेचा हा तुकडा १७६३ मध्ये फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेला, मग स्पेनकडे, आणि १८१० मध्ये स्थानिक गोऱ्यांनी बंड करून ‘वेस्ट फ्लोरिडा प्रजासत्ताक’ जाहीर केलं. त्याची राजधानी सेंट फ्रान्सिसव्हिल, आणि ते टिकलं जेमतेम अडीच महिने. मग अमेरिकेने गिळलं. वुड्रफच्या काळात फ्रेंच कायदा इथून जाऊन अर्धं शतक उलटलं होतं. अर्थात मालकाने घरात काय करावं यावर कुठल्याच कायद्याचा फारसा लगाम नव्हता. म्हणूनच ती कानाची गोष्ट ऐकताना खोटी वाटत नाही.

१०. हिरव्या फेट्याचं काय? इतका बारीक तपशील कुणी उगाच का रचेल?

रचला नसावा, बदलला असावा. १९५०च्या दशकात वाडा विकत घेणाऱ्या बाईंनी आजूबाजूला चौकशी केली तेव्हा आधीच्या मालकांच्या कुटुंबातून एक जुनी आठवण पुढे आली: हिरवी टोपी घातलेली एक म्हातारी दिसते. म्हातारी! नाव नाही, कान नाही, केक नाही, ती गुलाम होती असंही नाही. पुढच्या तीसेक वर्षांत, वाडा हातोहात विकला जाताना आणि त्याचं पाहुण्यांचं घर होताना, टोपीचा फेटा झाला, म्हातारीची तरुणी झाली आणि तिला नाव मिळालं.

फेटा सुचण्यामागेही इतिहास आहे. लुइझियानाचे स्पॅनिश गव्हर्नर मिरो यांनी १७८६ मध्ये काळ्या वंशाच्या स्वतंत्र बायकांना केस झाकण्याचा हुकूम काढला. बायकांनी मग ते फडके इतक्या झोकात बांधले की हुकुमाचाच पोपट झाला. डोक्याला रंगीत कापड बांधलेली लुइझियानाची काळी स्त्री हे चित्र तेव्हापासून लोकांच्या मनात बसलेलं आहे.

११. वाड्यात दहा खून झाले म्हणे?

पुरावा एकाच खुनाचा आहे. विल्यम विंटर, स्टर्लिंगचा जावई, वकील. सासऱ्याच्या मागे सासूबाईंनी १८६५ मध्ये त्याच्याकडे कारभार सोपवला. यादवी युद्ध नुकतंच संपलेलं, गुलाम मुक्त झालेले, दक्षिणेचं चलन रद्दी झालेलं. दोन वर्षांत त्याचं दिवाळं निघालं आणि वाडा गेला. १८७० मध्ये तो त्याच्या बायकोच्या नावावर परत आला. २६ जानेवारी १८७१ रोजी कुणीतरी त्याला बाहेर बोलावलं आणि तो ओसरीवर येताच गोळी घातली.

दंतकथेत तो घरात शिरतो, जिना चढू लागतो आणि सतराव्या पायरीवर बायकोच्या मिठीत प्राण सोडतो. रात्री त्याची पावलं त्या पायरीपर्यंत येऊन थांबतात. तो गेला ओसरीवरच. तरी मी पायऱ्या मोजल्या, खोटं कशाला सांगू. माझ्या पुढचे काकाही ओठ हलवत मोजत होते.

उरलेल्या ‘खुनां’मध्ये बहुतेक साथीचे रोग आणि यादवी युद्धातले ऐकीव युनियन (उत्तरेच्या बाजूचे) शिपाई आहेत. विंटरची लहानगी केट १८६१ मध्ये विषमज्वराने गेली. कथेत तिच्या उशाशी एक मांत्रिक बाई बसवली आहे.

१२. आरशातले हाताचे ठसे आणि तो प्रसिद्ध फोटो?

आरसा: कुणी मेलं की घरातले आरसे झाकायचे, नाहीतर आत्मा आत अडकतो, अशी तिकडची जुनी समजूत. सारा आणि मुलांच्या वेळी हा एक झाकायचा राहिला, म्हणून काच बदलली तरी डाग परत उमटतात, असं सांगतात. जुन्या आरशाच्या मागचा मुलामा दमट हवेत काळवंडतो आणि डाग पसरतात. लुइझियानाची हवा कोकणाइतकीच दमट. आजीच्या कपाटाचा आरसा आठवा.

फोटो: १९९२ मध्ये विम्यासाठी इमारतींचे फोटो काढले, त्यातल्या एकात दोन इमारतींच्या मधल्या जागेत उभी आकृती दिसते. त्याचं पोस्टकार्ड निघालं. मी घेतलं, फ्रिजवर लावलं आहे. आधी कुणी सांगितलं नाही तर पाहुण्यांना त्यात काही दिसत नाही. सांगितलं की सगळ्यांना दिसतं.

१३. वाडा आदिवासींच्या दफनभूमीवर बांधला आहे का?

ट्युनिका लोकांची या भागात वस्ती होती, हे खरं. वाड्याखाली त्यांची दफनभूमी असल्याचा पुरावा नाही. अमेरिकेतल्या निम्म्या झपाटलेल्या घरांखाली ती असते, आपल्याकडे जशी प्रत्येक पडक्या वाड्याखाली सोन्याची घागर.

१४. गुलामांच्या नोंदीच नसत, मग ‘क्लोईची नोंद नाही’ या म्हणण्याला काय अर्थ?

मला आलेला सगळ्यात रास्त प्रश्न हाच. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी आहे. तिच्यात मालकाचं नाव येतं आणि खाली फक्त वय, लिंग, रंग. ‘स्त्री, २२, काळी.’ पुढची ओळ, ‘पुरुष, ४, काळा.’ नाव नाही. अशी पानंच्या पानं. त्यामुळे जनगणनेत क्लोई नाही याला काडीचाही अर्थ नाही.

नावं सापडतात ती पैशाच्या कागदांत. खरेदीखत, गहाणखत, मेलेल्या मालकाच्या मालमत्तेची मोजदाद. किंमत लावायची तर कुणाची ते लिहावं लागतं. लुइझियानात असे दस्त भरपूर राहिले, आणि इतिहासकार ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी त्यांतून गुलामांच्या लाखभर नोंदी गोळा केल्या. नाव, वय, कौशल्य, कुठल्या मुलखातून आणलं, किंमत. म्हणजे नोंद आहे, फक्त ती माणूस म्हणून नाही, माल म्हणून आहे.

तेव्हा क्लोई नावाची बाई तिथे नव्हतीच असं शपथेवर म्हणता येणार नाही. सारा आणि मुलांना कुणी विष घातलं नाही, हे मात्र म्हणता येतं. मला या दंतकथेत खटकतं ते हे: मालकाने भोगलेली, कान कापलेली, फासावर लटकवलेली मुलगी, आणि एवढं करून गोष्टीतली खुनी तीच. मालक न्यायाधीश होऊन १८५१ मध्ये मेला. त्याचं भूत कुणालाच दिसत नाही. त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या खपलेल्या माणसांपैकी एकाचंच नाव पर्यटकांना पाठ असतं, आणि ते बहुधा रचलेलं.

नावं बघायची असतील तर न्यू ऑर्लिन्स आणि बॅटन रूजच्या दरम्यान वॉलेस इथे व्हिटनी प्लँटेशन आहे. २०१४ मध्ये खुलं झालेलं ते संग्रहालय गुलामांच्या बाजूने इतिहास सांगतं. हॉल यांच्या यादीतली नावं तिथे ग्रॅनाइटच्या भिंतींवर कोरली आहेत, एक लाखाहून जास्त.

१५. हे आपल्या शनिवारवाड्यासारखंच झालं की!

अर्धंच. ‘काका, मला वाचवा’ ऐकू येवो न येवो, ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला हे पक्कं आहे आणि रामशास्त्र्यांनी त्यावर न्याय सांगितला. तिथे खरा खून आधी, भूत नंतर. मर्टल्सला विंटरच्या बाबतीत तसंच आहे. क्लोईच्या बाबतीत मात्र भूत आधी आलं आणि त्याला साजेसा खून मागाहून शोधला गेला.

१६. मुलांना घेऊन जावं का? रात्री राहावं का?

दिवसाची फेरी खुशाल करा. संध्याकाळच्या फेरीत क्लोईची गोष्ट सगळ्या तपशिलांसह येते. आठ-दहा वर्षांच्या मुलांना ‘शय्या’ म्हणजे काय हे परतीच्या गाडीत समजवावं लागेल, याची तयारी ठेवा. राहायचं असेल तर ऑक्टोबर टाळा. हॅलोविनची गर्दी असते.

एवढ्या लांब जाताच आहात तर जवळच्या ओकली वाड्यावरही जा. पक्ष्यांचा चित्रकार ऑड्युबॉन १८२१ मध्ये तिथे शिकवणीला राहिला होता आणि तिथेच त्याने आपली बरीच चित्रं काढली. याच तालुक्यात, तिकडच्या भाषेत पॅरिशमध्ये, अँगोला तुरुंगही आहे. जुन्या प्लँटेशनच्या जमिनीवर, नावसुद्धा त्याच प्लँटेशनचं, आणि कैदी आजही शेतात राबतात.

१७. तुम्हाला स्वतःला काही दिसलं का? खरं सांगा.

रात्री काही नाही. पाण्याच्या पाइपांचा आवाज तेवढा आला. त्याआधी, तिन्हीसांजेला, आम्ही ओसरीवरच्या झुलत्या खुर्च्यांत बसलो होतो. लोखंडी द्राक्षांमागे उजेड कमी होत चालला होता, झाडांवरून लोंबणारं शेवाळ हलत नव्हतं. बायको म्हणाली, ‘अहो, काहीतरी आहे इथे.’ मी बघतो तर तिच्या मनगटावर डास, पायांवर पांढरे पट्टे असलेला. तिने तो मारला, आणि आम्ही आत जाऊन खिडक्या लावून घेतल्या.